मागून हळू बोललेले शब्द

लोक माझ्या लेकीचं एक कौतुक हमखास करायचे. "गुरुजी, तुमची पोरगी समोरच्याचं काय मन लावून ऐकते हो! बोलणाराच्या तोंडावरची नजर हलत न्हाई तिची." मी मान डोलवायचो. चारचौघांत बापानं जेवढं फुगावं तेवढं फुगायचोही. ती तोंडाकडं का बघते हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि कुणी न सांगता माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कळलं होतं. बायकोला पोरीचा कान वाहतो एवढंच माहीत. त्यापुढचं तिनं विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. बोलण्यावर पोट भरतो, पण घरात माझं तोंड फारसं उघडत नाही. घरचे त्याला स्वभाव म्हणतात. त्यातला स्वभाव किती आणि भीती किती, हे मी कधी निवडून पाहिलं नव्हतं. आता बघतो आहे.

भीती अक्कापासून सुरू होते. तिला लहानपणी मोठा ताप आला, आणि तो उतरताना तिचे कान घेऊन गेला. एकदम नाही, हळूहळू. समोरून बोललेलं तिला नीट कळायचं, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. पुढं तिचं लग्न ठरलं. पाहुणे कुंकू लावायला आले. अक्का चुलीकडं तोंड करून बसली होती. मुलाच्या आत्यानं मागून हाक मारली, "पोरी, पाणी आण गं." अक्का वळली नाही. आत्यानं पुन्हा हाक मारली. मग तिनं मागूनच एक टाळी वाजवली, दाण्यावरच्या कोंबड्या हाकलताना वाजवतात तशी. अक्का चुलीतलं लाकूड आत सारत राहिली. मी तेव्हा शाळकरी पोरगा, चौकटीला टेकून उभा होतो. ती टाळी मला ऐकू आली. घरातल्या सगळ्यांना आली. पाहुण्यांनी चहा घेतला, गोड बोलले आणि गेले. नंतर मध्यस्थाच्या तोंडून निरोप आला.

अक्का लिंबागणेशजवळच्या आमच्या गावातच राहिली. शेत बघते, शेळ्या बघते. गाव तिच्याशी ओरडून बोलतं, आणि ती म्हणते, "बोंबलू नको रे, बहिरी मी हाय, गाव न्हाई." लोक हसतात. मीही हसायचो. पण त्या टाळीचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही.

लेक दोन-अडीच वर्षांची असताना सर्दी होऊन तिचा डावा कान फुटला. सकाळी उशीवर पिवळा डाग होता. तिच्या आईनं जे आमच्याकडं सगळ्या आया करतात तेच केलं. लसणाच्या पाकळ्या घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. पोरगी शांत झोपली, म्हणून आम्हाला वाटलं गुण आला. पुढं दर पावसाळ्यात, दर सर्दीत कान वाहायचा आणि दर वेळी तेल पडायचं. उजवाही वाहायचा, पण तो आपोआप कोरडा झाला. डावा काही राहीना. शाळेत जायच्या वयाची झाल्यावर मी तिला बीडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. बायको तापानं पडली होती, त्यामुळं आम्ही दोघंच गेलतो. डॉक्टरांनी तिला माझ्या मांडीवर बसवून कानात दिव्याची नळी घातली. बघून झाल्यावर म्हणाले, "पडद्याला भोक आहे. तेल बंद. पाणी जाऊ द्यायचं नाही. जरा मोठी झाली की ऑपरेशन करून पडदा बसवू. टाळायचं मात्र नाही."

मी एकच गोष्ट विचारली. "खूण राहील का?"

"कानामागं बारीक रेघ राहील. केसांत झाकते."

केसांत झाकते. पण वेणी घातल्यावर, अंबाडा बांधल्यावर? बघायला येणाऱ्या बायका मान वळवून बघतात, केस सोडून बघतात. एसटीत लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. गाव यायच्या आत माझं ठरलं होतं, ऑपरेशन लग्नानंतर. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, पडद्याला जरा सूज आहे, थेंब दिलेत. तेल मात्र बंद केलं. त्याचं मला त्या वेळी समाधानही वाटलं होतं.

त्यानंतर मी लेकीला एक शिकवण दिली. "काय?" म्हणायचं नाही. "ऐकू नाही आलं" हे तर कधीच म्हणायचं नाही. कळलं नाही तर माणसाच्या तोंडाकडं बघ, ओठ काय म्हणतात ते ओळख. आम्ही जेवताना खेळ खेळायचो. मी आवाज न काढता ओठ हलवायचे आणि तिनं शब्द सांगायचा. भाकरी. ठेचा. बैल. ती पटापट ओळखायची आणि टाळ्या पिटायची. बायको म्हणायची, "बाप-लेकीचं काय चाललंय मुक्यावानी?"

लेक चौथीत असताना शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. सोबत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. लिंबाखाली पोरांची रांग लावायची जबाबदारी माझी. आधी डोळे. पाठीमागं भिंतीवर तक्ता टांगला, त्यावर वेगवेगळ्या बाजूंना तोंड केलेले इंग्रजी ई. पोरानं ठरावीक अंतरावर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि ई चे दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. काही हुशार पोरांनी रांगेत उभ्या-उभ्याच तक्ता पाठ केला होता. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी तक्ता उलटा टांगला आणि पोरं उघडी पडली. मी पोटभर हसलो. एका मुलीला तर वरची दुसरी ओळही दिसत नव्हती. वर्षभर ती माझ्या वर्गात फळ्याकडं डोळे बारीक करून बघत होती आणि मी तिला मंद समजत होतो. तिच्या बापाला बोलावून घेतलं. तो खालमानेनं म्हणाला, "गुरुजी, चष्मा लागला तर पोरीचं लगीन कसं हुईल?"

मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. "आधी तिला फळा दिसू दे. लग्नाचं लग्नाच्या वेळी." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

मग कान सुरू झाले. बाई पोराला खुर्चीवर बसवायच्या, एक कान बोटानं दाबून चोळत राहायच्या आणि हातभर मागं उभं राहून मोकळ्या कानाशी कुजबुजल्यासारखा एक शब्द म्हणायच्या. पोरानं तो परत म्हणायचा. मागून बोलायचं कारण त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. समोरून बोललं तर पोरं ओठ वाचतात, सर, त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. मी हो म्हटलं. सकाळपासून त्यांचे शब्द ऐकून मला पाठ झाले होते. आंबा, पाटी, सात, चिमणी.

लेकीचा नंबर आला. बाईंनी विचारलं, "हिचा कान वगैरे वाहतो का?" तिच्याऐवजी मीच बोललो, "नाही." थंडीचे दिवस होते, कान तेव्हा कोरडा होता, आणि सकाळी मी तो स्वतः पुसला होता. त्यांच्या बॅटरीचा उजेडही बेताचाच होता. त्यांनी तिचा उजवा कान दाबला आणि मागून शब्द म्हटला. मी तिच्या समोर रांग धरून उभा होतो. माझे ओठ हलले. आंबा. ती म्हणाली, "आंबा." बाई पुन्हा बोलल्या. माझे ओठ पुन्हा हलले. "चिमणी." एकही शब्द चुकला नाही. बाई म्हणाल्या, "छान! कान अगदी तयार आहेत हिचे." लेक खुर्चीवरून उतरली आणि माझ्याकडं बघून हसली. जेवतानाचा खेळ जिंकल्यासारखी.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या मुलीला चष्मा लागला, आणि पुढं ती शिकली. माझ्या लेकीचा कान त्याच दिवशी सापडला असता.

पुढच्या दिवाळीला अक्का घरी आली होती. लेक तिच्यासमोर बसून बोलत होती. अक्का तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "ही माझ्यावानी तोंडाकडं बघती रे. कावून?"

"तुझ्याकडूनच शिकली," मी म्हणालो.

अक्का हसली नाही. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि परत काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणून मी आता तिच्यावर ढकलणार नाही.

वर्षं गेली. लेक पहिल्या बाकावर बसायची, चांगले मार्क मिळवायची. बीडला राहून बी.एस्सी. झाली. फोन नेहमी उजव्या कानाला. गर्दीत मी तिच्या डावीकडून चालायचो, त्या बाजूनं कुणी बोलायला येऊ नये म्हणून. मग नांदूरघाटकडचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, वडील शेतकरी आणि गावात वजन असलेले. बघायचा कार्यक्रम आमच्या घरी ठरला. मी आदल्या दिवशी खुर्च्या मांडून बघितल्या. पाहुण्यांच्या तोंडावर दाराचा उजेड पडेल अशा. लेकीची खुर्ची दाराच्या कडेला, पाहुण्यांकडं तोंड करून. भिंतीला लागून, म्हणजे मागून कुणी यायला वाटच नाही. बायकोनं विचारलं, "ही असली काय बैठक?" मी म्हणालो, "वारा येतो."

आणखी एक केलं. कान तेव्हा पुन्हा वाहायला लागला होता आणि त्याला वास येत होता. लग्नकार्यात, ईदेला आमच्याकडं कानात अत्तराचा फाया ठेवायची रीत आहे, हिंदू असो की मुसलमान. मी मोगऱ्याच्या अत्तरात कापूस बुडवून तिच्या डाव्या कानात घातला. रीतीप्रमाणं तो वरच्या पाळीत अडकवतात. मी आत सारला, वास बाहेर येऊ नये म्हणून. तिनं डोळे मिटून घेतले. 

कार्यक्रम चांगला झाला. फक्त मुलाची मावशी म्हणाली, "पोरगी लई टकमक बघती हो. आमच्याकडं पोरी खाली बघत्यात." मुलाच्या वडलांनी तिला गप्प केलं. "धीट हाय ती. आमाला अशीच पायजे." साखरपुड्याची बोलणी सुरू झाली.

त्याच आठवड्यात लेक अंगणात पडली. कानाला बोट लावलं की घर फिरतं, असं म्हणाली. आदल्या रात्रीपासून डोकंही ठणकत होतं. तिची आई म्हणाली, अशक्तपणा आहे. मी मात्र कानाचा वास घेतला आणि घाबरलो. त्या दिवशी मोगरा आणि सडका पू एकत्र येत होते.

बीडला ज्या दवाखान्यात गेलो तिथं नवरा कानाचा डॉक्टर आणि बायको डोळ्यांची. एकाच बाकावर डोळ्यांत थेंब घातलेले म्हातारे आणि कानात कापूस घातलेली पोरं बसली होती. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. कधीपासून वाहतो, वास कधीपासून, चक्कर कशानं येते. मग लेकीला आडवं निजवून मोठ्या दुर्बिणीतून कानात बघितलं. पडद्यावर ते मोठं करून दिसत होतं. त्यांनी बारीक चिमट्यानं एक काळपट गोळा बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

"हे काय, अत्तर?"

मी बोललो नाही. लेक म्हणाली, "फाया होता. मीच घातला."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मग त्यांनी दोन पायांचा स्टीलचा चिमटा कोपरावर ठोकला. तो घुमायला लागला. आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला. "कुठं मोठा वाटतो?" "मागं," लेक म्हणाली. पुन्हा ठोकून कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या कानात येतो?" "डाव्या." माझा जीव भांड्यात पडला. डाव्यात ऐकू येतं म्हणजे डावा बरा आहे. डॉक्टरांनी माझं तोंड वाचलं असावं. म्हणाले, "उलट आहे, सर. चांगल्या कानाला हवेतला आवाज मोठा वाटतो. यांना हाडातला मोठा वाटतो. म्हणजे वाट पुढंच कुठंतरी अडलीय, म्हणून कपाळावरचाही त्याच कानात जातो. पण आतली नस अजून जिवंत आहे, ही चांगली बातमी."

मग त्यांनी डाव्या कानाच्या तोंडावर बोटानं दाब दिला. बघत मात्र होते तिच्या डोळ्यांकडं. लेकीची बुबुळं थरथरत एका बाजूला सरकली आणि तिनं खुर्ची घट्ट धरली. डॉक्टरांनी लगेच बोट काढलं. तिला डोळे घट्ट मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवायला सांगितले. "चेहऱ्याची नस ठीक आहे," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःशी.  कान दाबल्यावर डोळे का हलतात, आणि कानासाठी आलेल्या पोरीचे दात का बघतात, हे नंतर कळलं.

त्यानंतर ऐकण्याची तपासणी. काचेची खिडकी असलेली एक बंद खोली. आत लेक कानाला हेडफोन लावून बसली, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मशीनवरच्या तंत्रज्ञ ताईंनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं, पण खुर्ची फिरती होती आणि ती हळूहळू काचेकडं वळली. मी ताईंच्या मागं उभा होतो. त्या आवाज सोडायच्या तेव्हा मशीनवर एक बारीक दिवा लागायचा. लेक बटण दाबत होती. बरोबर दाबत होती. मला बरं वाटत होतं.

ताईंनी एकदम हात थांबवला. मला न सांगता आवाजाची कळ पार खाली नेली, आणि दिवा लावला. लेकीनं बटण दाबलं. पुन्हा दिवा लावला. तिनं पुन्हा दाबलं. मग ताई मागं वळल्या.

"काका, आवाज बंद आहे. दिवा लागला की तुम्ही मान हलवताय. ती मशीनला नाही, तुम्हाला उत्तर देतेय."

मला शपथेवर सांगता येईल, मला ते कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत माझी मानच तशी झाली होती. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाठ करून उभे राहा, नाहीतर बाहेर बसा." मी पाठ केली. समोर हिरवी भिंत होती. मागं बटणाचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. किती तरी वेळ आला नाही.

डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवून समजावलं. भोकातून बाहेरची कातडी आत शिरली आणि साचत वाढत गेली. ती हाड कुरतडते. आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचलीय, म्हणून दाबलं की चक्कर येते आणि डोळे हलतात. शेजारून चेहऱ्याची नस जाते, वर मेंदूचं आवरण. "ऑपरेशन लवकर करायचं. पहिलं काम कान सुरक्षित करणं. ऐकू किती येईल ते नंतर बघू, वचन देत नाही." मग सहज विचारलं, "पण इतकी वर्षं लक्षात कसं नाही आलं? शाळेत तपासणी झाली नव्हती?"

"झाली होती," लेक म्हणाली. "मी पास झाले होते."

या वेळी तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती. मी पुन्हा गप्प बसलो असतो तर तिनं तेही सांभाळून घेतलं असतं, अत्तराच्या फायासारखं. ते मला सोसलं नाही. मी सगळं सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन, कानामागची रेघ, लिंबाखालची रांग, माझे ओठ. डॉक्टर ऐकत राहिले. चूक-बरोबर काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "हे सुरुवातीलाच सांगायचं होतं, सर. मी कधीपासून विचारलं ते उगीच विचारलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी बसली. मी तिच्या उजव्या बाजूला.

"मला वाटायचं तो आपला खेळ आहे," ती म्हणाली. "सातवीत गेल्यावर कळलं, काय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश दिसायचात, पप्पा. मी बरोबर ओळखलं की." थोड्या वेळानं म्हणाली, "पण कान माझा होता."



घरी बायकोनं कपाळाला हात लावला. माझ्यावर चिडली, रडली, आणि मग तेच म्हणाली जे मी वर्षानुवर्षं म्हणत होतो. "साखरपुडा तेवढा हू द्या. मग करू गुपचूप." लेक आत निघून गेली. अक्का आलेली होती. तिला सगळं, अगदी त्या टाळीपासून, समोर बसून, नीट ओठ हलवून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुला टाळी ऐकू आलती व्हय त्या दिवशी?" मी हो म्हटलं. "मला आजपतुर कुणी सांगितलं न्हाई तिथं काय झालतं ते. मला वाटायचं, मी काळी म्हणून न्हाई म्हणले."

दुसऱ्या दिवशी मी नांदूरघाटकडं गेलो. मुलाचे वडील गोठ्यात होते. "या इवाई, या!" म्हणून बाज टाकली. मी उभ्यानंच सांगितलं. ते ऐकत होते, हातातली पेंड तशीच होती.

"गुरुजी, कावून लपविलं?"

"भीती वाटली."

"कानाचं एक वेळ समजून घेतो माणूस. आजार काय, कुणालाबी हुतो." ते थांबले. "म्हंजी त्या दिवशी त्या खुर्च्या तुमी मुद्दाम तशा मांडल्या व्हत्या?"

"हो."

त्यांनी हातातली पेंड बैलापुढं टाकली. मग म्हणाले, "तुमी येऊन सांगितलं, बरं केलं. घरात इचारतो." चहा घेऊन जा म्हणाले. मी घेतला. पुढं मध्यस्थाचा फोन आला, पोराचं यंदा लग्न करायचं नाही म्हणून.  अक्का सुपात मिरच्या निवडत होती. म्हणाली, "टाळी तर न्हाई ना वाजविली कुणी. पोरीला दवाखान्यात ने."

ऑपरेशन झालं. लेकीच्या डोक्याला मोठी पट्टी होती आणि कानामागं टाके. टाके निघाल्यावर तिनं मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढायला लावला, मोठा करून बघितला, आणि म्हणाली, "एवढीशी?" त्या एवढ्याशा रेघेचं मी काय काय केलं होतं. आता ती केस वर बांधते. मुद्दाम बांधते की उकाड्यानं, ते मी विचारलं नाही.

काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. चक्कर गेली होती, कान कोरडा होता. डॉक्टर म्हणाले, मशीनवर नंतर बघू, आधी साधी तपासणी. त्यांनी लेकीला खुर्चीवर बसवलं, उजवा कान बोटानं दाबला आणि मागं जाऊन उभे राहिले. मी तिच्या बरोबर समोर बसलो होतो.  तेच लिंबाखालचं.

मी उठायच्या आतच ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर आलो. दार अर्धवट लोटलेलं होतं. समोरच्या भिंतीवर डॉक्टरांच्या बायकोचा डोळे तपासायचा तक्ता होता, चारी दिशांना तोंडं केलेले ई, आणि एक म्हातारा एक डोळा झाकून बोटं दाखवत होता. चुकत होता. त्याची सून मागं उभी राहून काहीच सांगत नव्हती. मी त्याच भिंतीला तोंड करून उभा राहिलो. आतून डॉक्टरांचा आवाज मला येत नव्हता, येण्यासारखा नव्हताच. फक्त लेकीचा येत होता.

"पाटी."

मग काही वेळानं, "सात."

मग शांतता. माझे ओठ हलायला लागले, कुठला शब्द असेल, आंबा की चिमणी, आणि मी ते दातांनी दाबून धरले.

"नाही आलं ऐकू," माझी लेक मोठ्यानं म्हणाली. "परत म्हणा."